एका घरात दोन मनकर्णा

“आन त्यानं चौथा बैल घेतला, तर?” चांगुणाने विचारले.

काकासाहेबाने वहीतून मान वर काढली. चुलीवर तवा तापला होता, चांगुणाच्या दोन्ही तळव्यांत बाजरीची भाकरी फिरत होती, आणि तिचे डोळे मात्र नवऱ्याच्या मांडीवरच्या वहीवर होते. वहीत त्याने पट्टीने रेघा मारून मोठा तक्ता आखला होता. विकणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, घेणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, पहिला बैल, दुसरा बैल, तिसरा बैल. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराची अख्खी उलाढाल एका पानात बसवल्याचा त्याला कोण आनंद झाला होता.

“चौथा कोन घेतंय एका दमात?” तो म्हणाला.

“आमच्या बाजारात घेत्यात की. आन एखादा नुसती कालवड घिऊन जातो. मंग त्याच्यापुढचे रकाने मोकळे ठिवायचे, आन चौथा बैल घेनाऱ्यासाठी पानाला ठिगळ लावायचं का?”

असे म्हणून ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, मजा वाटली म्हणून हसली. पण हसू कशाचेही असो, ते बायकोचे असले आणि आपल्या वहीवर असले की पुरुषाला झोंबतेच. काकासाहेबाने वही मिटली आणि भाकरी करपतेय म्हणून तिलाच दटावले. भाकरी करपली नव्हती.

हा काकासाहेब सोनईजवळच्या एका वस्तीवरचा. मॅट्रिक कशीबशी झाल्यावर काही वर्षे नांगरामागे गेली, मग वडील वारले, जमीन चुलत्याने वाट्याने करायला घेतली, आणि हा पंचविशी गाठता गाठता नगरच्या कॉलेजात कॉमर्सला बसू लागला. वर्गातली पोरे त्याला ‘काका’ म्हणत, ते आदराने की वयाने हे त्याने कधी विचारले नाही. आता शेवटचे वर्ष होते. दुष्काळाचे साल, निम्मे गाव खडी फोडायला जात होते, आणि काकासाहेबाला एकच ध्यास लागला होता: साखर कारखान्याच्या कचेरीत चिकटायचे.

त्या चिकटण्याची वाट नूरुद्दीन सरांच्या वर्गातून जात होती. सर उन्हाळ्यात मुंबईला एक शिबिर करून आले होते आणि येताना अमेरिकेतल्या कुणा गणितज्ञाच्या नव्या युक्तीवरचे सायक्लोस्टाइल केलेले कागद घेऊन आले होते. माहिती कशी मांडावी याचा तो विषय. मुंबईत सरांनी काचेपलीकडून संगणकही पाहिला होता. “कपाटाएवढा आहे,” ते सांगत, “आणि कपाटाएवढंच त्याला कळतं. मांडणी आपल्यालाच करावी लागते.” कारखान्याने सगळ्या सभासदांची नोंद नव्या पद्धतीने कार्डांवर घ्यायचे ठरवले होते आणि त्यासाठी दोन माणसे सरांकडे मागितली होती. वर्गातल्या प्रत्येकाने, आपल्या माहितीतला एखादा धंदा घेऊन त्याचे तक्ते पाडून आणायचे होते. ज्याचे तक्ते चांगले, त्याची शिफारस.

सरांचे नाव पहिल्यांदा घरात निघाले तेव्हा चांगुणाच्या हातातली कळशी तशीच राहिली होती.

“नूरुद्दीन सर? चष्मेवाले? अवो, त्ये आमच्या घोडेगावच्या हायस्कुलात हुते! जमाखर्च त्यांनीच शिकवला मला. माझी आठवन सांगा त्यास्नी. म्हनावं, मनकर्णा तुमास्नी नमस्कार सांगती.”

“सांगतो,” काकासाहेब म्हणाला होता.

मनकर्णा हे तिचे माहेरचे नाव. बाप गुरांच्या बाजारातला दलाल, उपरण्याखाली बोटे धरून बैलांचे भाव ठरवणारा. पोरगी मात्र शाळेत अशी तेज, की मॅट्रिकला केंद्रात पहिली आली. त्याच केंद्रात त्याच साली काकासाहेबही बसला होता. तो कितवा आला हे त्याच्या घरी कुणी विचारीत नसे आणि तोही सांगत नसे. पुढे शिकायचे म्हणून पोरीने दोन दिवस अन्न सोडले, तिसऱ्या दिवशी पाहुणे बघायला आले, आणि ती सोनईकडे दिली गेली.

लग्नात अडचण एकच निघाली. सासूचे नावही मनकर्णा.

“एका घरात दोन मनकर्णा कशा चालतील?” सासूने मांडवातच विचारले. “कुनी हाक मारली तं ओ कोनी द्यायची? आन माझ्या पोरानं बायकुला काय आईच्या नावानं बोलवायचं?”

म्हणणे रास्तच होते. ताटात तांदूळ पसरले, काकासाहेबाच्या हातात अंगठी दिली, आणि त्याने वळणदार अक्षरात तांदळात ‘चांगुणा’ असे लिहिले. लोकांनी पेढे खाल्ले. तेव्हापासून मनकर्णा या घरात एकच राहिली, ती म्हणजे म्हातारी.

तर त्या संध्याकाळी वही मिटली खरी, पण जेवण झाल्यावर काकासाहेबाला ती पुन्हा उघडावीच लागली. चौथा बैल डोक्यातून जाईना.

“मंग कसं करावं म्हनतीस?” त्याने भिंतीकडे बघत विचारले.

चांगुणा राख पसरून त्यावर बोटाने रेघा मारू लागली. “एक तक्ता मानसांचा. एक जनावरांचा. आन तिसरा नुसत्या सौद्यांचा. सौद्यात नाव-गाव काय बी लिव्हायचं न्हाई. मानसाचा नंबर, जनावराचा नंबर, तारीख, भाव. झालं. चार बैल घेतले तर चार ओळी, कालवड घेतली तर एक.”

“घेनाऱ्यांचा एक तक्ता आन विकनाऱ्यांचा दुसरा, असं म्हन.”

“ते कशापायी? आज विकनारा उद्या घेतो. मानूस एकच हाय, त्याला दोनदा जल्माला घालायचं का?” तिने गोठ्याकडे हात केला. “आपली म्हैस गोठ्यात एकच हाय ना? ती मळ्यात लागती, अंगनात लागती, म्हनून काय तीन म्हशी बांधतो आपन? म्हैस एका जागी. दावं लांब करायचं. सौद्यातला नंबर म्हंजी दावं. ते धरून गेलं की मानूस घावतो.”

काकासाहेबाला समजले. इतके लख्ख समजले की त्याला संतापच आला. सरांनी आठवडाभर फळ्यावर जे सांगितले, ‘एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी सगळीकडून तिच्याकडे फक्त बोट दाखवा’, ते त्याने पाठ केले होते. हिने ते राखेत काढून दाखवले, आणि वर हात झाडून भांडी घासायला उठली. तिला त्याचे काहीच नव्हते. तेच त्याला सर्वांत जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने म्हशीचे आणि दाव्याचे ते तसेच्या तसे वर्गात वाचून दाखवले. ‘दावं’ शब्द आला तेव्हा पोरे हसली. सर हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, फळ्यावरचा ‘बोट दाखवण्या’साठीचा इंग्रजी शब्द त्यांनी पुसला आणि तिथे खडूने मोठ्या अक्षरात ‘दावं’ असे लिहिले.

“मुंबईच्या शिबिरात इतके विद्वान होते,” ते म्हणाले, “पण हा शब्द कुणाला सापडला नाही. शाब्बास, काकासाहेब!”

त्या दिवसापासून वर्गात ते ‘काकांचं दावं’ झाले. काकासाहेब कौतुकाने फुगला, आणि एस.टी.त बसून घोडेगाव मागे पडेपर्यंत ते सगळे फुगणे आंबून गेले. कौतुक आपले नाही हे एकट्यालाच ठाऊक असणे ही मोठी वाईट गोष्ट. दुसऱ्याच्या चोरलेल्या उसाचा रस गोड लागतो म्हणतात. त्याला नाही लागला.

घरी चांगुणा उंबऱ्यातच उभी होती. “काय म्हनले सर?”

“ठीक म्हनले.”

“दाव्याचं?”

“त्याचं काय न्हाई बोलले.”

तिचा चेहरा जरासा उतरला. तो उतरलेला पाहून त्याला बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणून स्वतःची लाज वाटली, पण लाज काही बरे वाटण्याहून मोठी नव्हती.

“आन माझी आठवन? सांगितली का?”

तीन-चार वेळा त्याने ‘विसरलो’ म्हणून निभावले होते. आज त्याच्या तोंडून निघून गेले, “सांगितली. त्यास्नी काय आठवत न्हाई. लई पोरी हुत्या म्हनले.”

“व्हय,” चांगुणा म्हणाली. “असतील की.” आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. त्या सांजेला तिने वहीकडे पाहिले नाही. काकासाहेबाला हायसे वाटले. पण पुढच्या आठवड्यात सरांनी नवा प्रश्न घातला आणि आयत्या बिळावरच्या नागोबाला पुन्हा बिळाशी यावे लागले.

प्रश्न किल्लीचा होता. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला तिची एक किल्ली हवी, म्हणजे अशी एक गोष्ट की जिच्यावरून तीच ओळ सापडावी, दुसरी नाही. माणसांच्या तक्त्याची किल्ली काय धराल?

“नाव,” काकासाहेब म्हणाला. “नाव, बापाचं नाव, आडनाव. तिन्ही मिळून एकाचंच असनार.”

चांगुणा मेथी निवडत होती. “आपल्या भागात गोरक्षनाथ नावाचे किती हायेत, मोजा. बाप मच्छिंद्र असलेले बी ढिगानं निघत्याल. आन एकाचंच निघालं तरी नाव किल्लीला चालायचं न्हाई.”

“का?”

“नाव बदलतं.”

“मानसाचं नाव कुठं बदलतं?”

“मानसाचं न्हाई बदलत,” ती म्हणाली. “बाईचं बदलतं. एका दिसात सगळं बदलतं. नाव, बापाच्या जागचं नाव, आडनाव, गाव. मंग जुनं दावं धरून कुनी शोधत आलं, तर त्याला काय घावनार? मोकळा खुंटा.”

हे तिने अगदी साध्या आवाजात, मेथीची काडी मोडता मोडता सांगितले. काकासाहेबाला वाटले, काहीतरी बोलावे. मग वाटले, आधी लिहून घ्यावे, विसरायला होईल. त्याने लिहून घेतले.

ते वाचून झाल्यावर नूरुद्दीन सरांनी वही मागून घेतली आणि ते पान पुन्हा वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, “काकासाहेब, हे तुम्हाला कसं सुचलं?”

“असंच, सर. इचार करता करता.”

“पुरुषाला सहज सुचणारी गोष्ट नाही ही.” सर हसले. “मला घोडेगावच्या शाळेतली एक मुलगी आठवली. मी जमाखर्च शिकवत होतो. ती उभी राहून म्हणाली, ‘सर, एकच माणूस देणेकरी आणि घेणेकरी दोन्ही असला, तर त्याला दोनदा जन्माला घालायचं का?’ वर्ग हसला. मी नाही हसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. मुंबईला ते कागद वाचताना मला तीच आठवत होती. मनकर्णा तिचं नाव. सोनईकडेच कुठेतरी दिली असं ऐकलं. कारखान्यात दुसरी जागा आहे ना, ती तिला द्यावी असं फार मनात आहे. तुमच्या बाजूला कुणी मनकर्णा आहे का हो? घोडेगावची?”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते.

काकासाहेबाच्या डोळ्यांपुढे सगळे एका क्षणात उभे राहिले. चांगुणा कारखान्याच्या कचेरीत, शेजारच्या टेबलावर. सर तिच्या टेबलाशी वाकलेले. दाव्याची गोष्ट निघणार, राखेतल्या रेघांची निघणार, ‘काकांचं दावं’ खरे कुणाचे ते वर्गातली पोरे विचारणार. आणि संध्याकाळी एकाच एस.टी.तून दोघांनी घरी यायचे, ती पुढे आणि हा मागे. मत्सराने त्याच्या छातीत असे काही पिळले की खोटे बोलायलाही त्याला सवड मिळाली नाही. तो खरेच बोलला.

“मनकर्णा?” तो म्हणाला. “सर, आमच्या घरात मनकर्णा म्हंजी माझी आई.”

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. “मग राहू द्या,” ते म्हणाले. “त्यांना काही कारखान्यात बोलावता येणार नाही.”

पुढच्या महिन्यात काकासाहेब कारखान्याच्या कार्ड विभागात रुजू झाला. दुसऱ्या जागेवर नगरची हमिदा म्हणून एक मुलगी आली, सरांच्याच वर्गातली, मान खाली घालून नीट काम करणारी.

पोराच्या नोकरीची बातमी ऐकून सासूने देवापुढे साखर ठेवली. चांगुणानेही दारात रांगोळी काढली. तिला मनापासून आनंद झाला होता. तिच्या आनंदात खोट काढायला गेलात तर सापडली नसती. रात्री वाढताना ती सहज म्हणाली, “दुसरी जागा बाईला दिली व्हय? बायांना बी घेत्यात, मला ठावं न्हवतं.”

“कॉलेजातल्यांनाच घेत्यात,” काकासाहेब म्हणाला.

“व्हय, तसंच असनार.”

पण सासूच्या डोक्यात एक खूळ शिरले. ज्या मास्तराने पोराचे भले केले त्याला पुरणाचे जेवण घालायचेच. काकासाहेबाने दुष्काळाचे निमित्त सांगितले, सरांच्या तब्येतीचे सांगितले, एस.टी.च्या वेळेचे सांगितले. म्हातारी ऐकेना. “लोक काय म्हनतील? नोकरी घेतली आन घासभर अन्न न्हाई दिलं!” शेवटी म्हातारीने परस्पर कारखान्यातल्या कुणाकडून तरी निरोप धाडला, आणि सरांचा होकार आला.

त्या रविवारी चांगुणा पहाटेच उठून न्हाली. ती लग्नातले हिरवे लुगडे नेसली. पुरण वाटताना ती दोनदा म्हणाली, “आठवत न्हाई म्हनले खरं, पन समोर बघितल्यावं वळखतील. आवाजानं तरी वळखतील.” काकासाहेब चुलीपाशी आला आणि त्याने आवाज खाली आणला.

“तू भाईर नको येऊस,” तो म्हणाला. “आई वाढील. बरं दिसत न्हाई.”

तिने त्याच्याकडे पाहिले. “मास्तर हायेत माझे,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “बरं.”

सर आले. ओसरीवर पाट मांडले, समोर रांगोळी, उदबत्ती. म्हातारी पदर सावरून समोर बसली आणि काकासाहेब सरांच्या शेजारी. आतून पोळी लाटण्याचा आवाज येत होता.

“आई, तुम्हाला बघायचं फार मनात होतं,” सर म्हणाले. “तुमच्या नावाची एक विद्यार्थिनी होती माझी. मनकर्णा. घोडेगावची. अशी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. काकासाहेबांना मी विचारलंसुद्धा, तुमच्याकडे कुठे आहे का, दुसरी जागा तिच्यासाठीच धरून ठेवली होती. तर हे म्हणतात, आमच्या घरात मनकर्णा म्हणजे आई! सगळा वर्ग हसला बघा.”

आतला लाटण्याचा आवाज थांबला.

म्हातारीचे तोंड उघडले. “अवो मास्तर, ती तर आमची...” आणि तिची नजर पोराकडे गेली. काकासाहेब पांढराफटक पडला होता. त्याने आईकडे असे पाहिले, जसे लहानपणी गुळाची ढेप फोडल्यावर पाहायचा. म्हातारीला शिकल्या-सवरलेल्यांचे काही कळत नव्हते, पण पोर कळत होते. आणि कुठेतरी खोल, सात-आठ वर्षांमागे मांडवात जिंकलेली एक लढाई तिलाही प्यारी होतीच.

“मनकर्णा म्हंजी मीच,” ती सावकाश म्हणाली. “या घरात दुसरी न्हाई. मला तर सही बी येत न्हाई, मास्तर. अंगठ्याची मनकर्णा.” आणि मोठ्याने आत हाक दिली, “चांगुना! आमटी आन गं गरम!”

काकासाहेबाला वाटले, आता ती येणार आणि सगळे ओसरीवर मांडणार. तिने मांडावे असेही त्याला, खरे सांगायचे तर, एक घटकाभर वाटले. निदान मग हे पिळणे तरी थांबेल.

चांगुणा आमटीचे पातेले घेऊन बाहेर आली. पदर कपाळाच्या खाली ओढला होता. तिने वाकून सरांच्या वाटीत आमटी घातली. वाफ उठून सरांचा चष्मा धुकटला, तो त्यांनी काढून रुमालाला पुसायला घेतला. चष्म्यावाचून त्यांना समोर हिरवे लुगडे आणि काही हलणारे तेवढेच दिसत असावे.

“सूनबाई का?” ते प्रेमाने म्हणाले. “फार कष्ट घेतले तुम्ही. नाव काय तुमचं?”

तिने पातेले खाली टेकले. मान वर केली आणि काकासाहेबाकडे पाहिले. परक्या माणसासमोर तिने नवऱ्याच्या डोळ्यांत असे सरळ कधी पाहिले नव्हते. त्या पाहण्यात राग असता तर त्याने तो झेलला असता. राग नव्हता. बाजारात दलाल जनावराचे दात बघून झाल्यावर तोंड सोडून देतो, तसे काहीतरी होते.

“चांगुणा,” ती म्हणाली.

चष्मा पुसता पुसता सरांचा हात थांबला. “काय म्हणालात?”

“चांगुणा,” ती पुन्हा म्हणाली, आणखी हळू. “अजून वाढू का, सर?”

“नको नको. पोट भरलं,” सर म्हणाले. “चांगलं नाव आहे.”

जाताना ते पायरीशी थोडे रेंगाळले, आतल्या दाराकडे एकदा पाहिले, आणि मग काकासाहेबाच्या पाठीवर थाप मारून एस.टी. गाठायला निघाले.

त्या दिवशी घरात काहीच झाले नाही. भांडण नाही, रडारड नाही. चांगुणाने भांडी घासली, हिरवे लुगडे घडी करून पेटीत ठेवले, म्हातारीचे पाय चेपले. काकासाहेब रात्रभर वाट बघत राहिला की ती आता बोलेल. ती झोपली. दुसऱ्या दिवशीही तिने चहा दिला, भाकरी बांधून दिली, ‘येळेवर या’ म्हणाली. आठवडा असाच गेला. त्याला वाटू लागले, विसरली. बायका विसरतात.

मग कारखान्यात पहिली खरी अडचण आली. उसाच्या नोंदीत जमिनीच्या एका गटात तीन भावांचा ऊस, आणि त्यातल्या एकेका भावाचा पुन्हा तीन-तीन गटांत. सभासदाच्या कार्डावर गट लिहावे, तर किती लिहावे? गटाच्या कार्डावर सभासद लिहावे, तर किती? तोच चौथ्या बैलाचा प्रश्न, पण दोन्ही बाजूंनी. साहेबांनी सोमवारपर्यंत मांडणी मागितली होती. हमिदाने एक सुचवले होते, ते ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती.

रविवारी सकाळी तो वही घेऊन चुलीपाशी आला. बाहेर अंगणात म्हातारी सुपात बाजरी पाखडत होती. चांगुणा जाळ घालत होती. तिने राख नीट एका बाजूला सारून ठेवली होती, त्यावर रेघ नव्हती.

“अगं, हे बघ ना जरा,” काकासाहेब म्हणाला. “इकडून बी लई, तिकडून बी लई. दावं कुठून कुठं बांधायचं, तेच कळंना.”

तिने वहीकडे पाहिले. डोळे एकदा पानावरून फिरले, आणि काकासाहेबाला स्वच्छ दिसले की तिला उत्तर आले. तेवढ्यापुरते तिच्या चेहऱ्यावर ते जुने हसू यायला निघाले होते. मग ते गेले. तिने फुंकणी उचलली आणि जाळात फुंकर घातली.

“मला काय ठावं?” ती म्हणाली. “मनकर्णाला इचारा.”

आवाज काही मोठा नव्हता, पण अंगणात पोहोचला. बाहेर सुपाचा आवाज थांबला, आणि म्हातारीने मान वळवून हातातल्या बाजरीसकट ओ दिली:

“काय रं काकासाहेब? मला बोलावलं का?”